नॉस्ट्राडेमसचं भाकीत समोर आलं की आधी काय तपासायचं?

पोथीनिष्ठ (धागाकर्ता)

कुठे युद्ध पेटलं, ग्रहण लागलं, एखादी राणी गेली, की दोन दिवसांत ‘नॉस्ट्राडेमसने हे साडेचारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय’ हा मजकूर फिरायला लागतो. विश्वास ठेवायचा की नाही यावर इथे भरपूर धुळवड झालेली आहे, ती पुन्हा नको. मजकूर मूळ पुस्तकात आहे का, असला तर तिथे नेमकं काय छापलंय, आणि सांगितला जाणारा अर्थ पहिल्यांदा कधी काढला गेला, हे पडताळायची रीत या धाग्यात गोळा करू.

आधी पुस्तकाची ओळख. मिशेल द नोत्रदाम, जन्म डिसेंबर १५०३, दक्षिण फ्रान्समधलं सें-रेमी. मृत्यू जुलै १५६६, सालों. धंद्याने औषधं तयार करणारा. १५२९ मध्ये माँपेलिएच्या वैद्यक शाखेत नाव घातलं, पण आधी औषधविक्री केल्याचं कळल्यावर पटावरून काढलं. १५५० पासून तो दरवर्षी पंचांगवजा अल्मनाक काढू लागला आणि हयातीत नाव झालं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. आज गाजतं ते ‘ले प्रोफेसी’. त्यात चार ओळींची कडवी आहेत, आपण सोयीसाठी चारोळ्या म्हणू. शंभर चारोळ्यांच्या गठ्ठ्याला ‘शतक’ म्हणतात. या शतकाचा वर्षांशी काही संबंध नाही. ‘विसाव्या शतकाबद्दल त्याने विसाव्या शतकात लिहिलं’ असली वाक्यं इथूनच जन्माला येतात.

आवृत्त्या तीनच लक्षात ठेवा:

- ४ मे १५५५, ल्यों, मुद्रक मासे बोनोम. ३५३ चारोळ्या : तीन शतकं पूर्ण, चौथ्यातल्या ५३.
- १५५७, ल्यों, आंत्वान द्यु रोन. सातव्या शतकाच्या अर्ध्याअधुऱ्या टप्प्यापर्यंत.
- १५६८, ल्यों, बनुआ रिगो. ९४२ चारोळ्या, दहा शतकं. लेखक जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

सातवं शतक १५६८ मध्येही अपुरंच आहे, ४२ चारोळ्यांवर थांबतं. म्हणून कुणी ‘शतक ७, चारोळी ८३’ सांगितलं तर पुढे वाचायची गरज नाही. अकरावं-बारावं शतक म्हणून जे मिळतं ती नंतरची भर आहे.

तपासायची माझी पद्धत अशी. शतक आणि चारोळीचा क्रमांक मागायचा. क्रमांक नसेल तर दहापैकी नऊ वेळा प्रकरण तिथेच संपतं. क्रमांक मिळाला तर जुन्या आवृत्तीचं छायाचित्रित पान उघडायचं, आजच्या इंग्रजी पुस्तकातलं भाषांतर नाही. मग तो अर्थ घटनेच्या आधी छापलेला सापडतो का ते बघायचं. बहुतेक सगळे दावे या शेवटच्या पायरीवर घसरतात.

गारोनकाठ

पान वाचताना अडतं कुठे, ते सांगते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या फुकट बघता येतात. १५५५ च्या आवृत्तीच्या ज्ञात प्रती आल्बी आणि व्हिएन्ना इथल्या, आणि त्या दोहोंतही बारीक फरक आहेत. त्या काळी खिळे हाताने जुळवत, छपाई चालू असताना दुरुस्त्याही होत, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. एका स्वल्पविरामावर इमारत उभी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तो स्वल्पविराम बऱ्याचदा लेखकाचा नसून खिळे जुळवणाऱ्याचा असतो.

अक्षरांच्या चार खोडी :

- शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब असतो, ‘एफ’सारखा दिसतो.
- ‘यू’ आणि ‘व्ही’ एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला ‘व्ही’, मध्ये ‘यू’.
- ‘आय’ आणि ‘जे’ यांचंही तसंच.
- स्वरावर आडवी रेघ म्हणजे पुढचा ‘एन’ किंवा ‘एम’ जागा वाचवायला गाळलाय.

आता बनावट आवृत्त्या. शीर्षकपानावर ‘१५६६, पिएर रिगो’ असेल तर सावध. हा पिएर रिगो सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा मुद्रक, आणि ती आवृत्ती अठराव्या शतकात आव्हिन्योंला जुनी तारीख टाकून छापलेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक भाष्यकारांनी हीच ‘मूळ’ धरली.

दुसरं उदाहरण १६४९ चं. फ्रान्समध्ये तिथला मुख्य मंत्री कार्डिनल माझारँ याच्याविरुद्ध बंड चाललं होतं. तेव्हा ‘१५६८’ अशी तारीख घालून एक आवृत्ती निघाली आणि तिच्या सातव्या शतकात दोन नव्या चारोळ्या घुसवल्या. त्यात ‘निझाराम’ नावाचा सिसिलियन येतो : अक्षरं फिरवा, माझारँ तयार. सातवं शतक अपुरं असल्याचा असाही उपयोग. रिकामी जागा आयतीच होती.

चहाटळ

म्हणजे फोटोशॉप नव्हतं, तरी धंदा चालू होता. बरं, त्या न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ‘देवाच्या नगरीत दोन भाऊ’ चारोळीचं काय?

पोथीनिष्ठ

ती त्याची नाहीच. १९९७ मध्ये कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने नॉस्ट्राडेमसवरच्या टीकालेखात, ‘मोघम लिहिलं की काहीही लागू पडतं’ हे दाखवायला स्वतः रचलेला नमुना. सप्टेंबर २००१ मध्ये लोकांनी तो उचलला, त्यात तिसऱ्या महायुद्धाची ओळ जोडली आणि खाली ‘नॉस्ट्राडेमस, १६५४’ लिहिलं. लेखक १५६६ मध्ये वारला, एवढंही कुणी बघितलं नाही.

त्याच काळात खरी असलेली एक चारोळीही फिरली, ६.९७ (म्हणजे शतक ६, चारोळी ९७) : ‘पाच आणि चाळीस अंशांवर आकाश जळेल, मोठ्या नव्या नगरीजवळ आग येईल.’ न्यूयॉर्क ४०° ४३′ अक्षांशावर आहे, ४५ वर नाही. म्हणून ‘चाळीस पूर्णांक पाच दशांश’ असं वाचलं गेलं. दशांश अपूर्णांक युरोपात रूढ झाले ते या माणसाच्या मृत्यूनंतर. ‘नवी नगरी’ म्हणजे ग्रीक नेआपोलिस, इटलीतलं नेपल्स, बाजूलाच व्हेसुव्हियस ज्वालामुखी. अंश तिथेही जुळत नाहीत (४०° ५०′), पण आग आणि नाव दोन्ही जुळतात.

दशमभाव

पोथीनिष्ठ, तुमची शिस्त मान्य. पण सगळंच झाडून टाकू नका. दोन गोष्टींना उत्तर द्या. एक, १.३५ : तरुण सिंह म्हाताऱ्याला जिंकेल, सोन्याच्या पिंजऱ्यात डोळे फोडेल, मग क्रूर मरण. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ मध्ये असाच गेला आणि चारोळी १५५५ ची आहे, म्हणजे तुमच्या पहिल्या दोन पायऱ्या पार. दोन, नॉस्ट्राडेमसने हेन्रीला लिहिलेल्या पत्रातलं १७९२ हे साल. त्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये प्रजासत्ताक आलं. सालासकट!

पोथीनिष्ठ

१.३५ पायरीपायरीने घेऊ, कारण अख्ख्या नॉस्ट्राडेमस-व्यवसायाचा पाया तोच आहे.

घटना : ३० जून १५५९, पॅरिस, लग्नसमारंभानिमित्तची भालाझुंज. समोर राजाच्या स्कॉटिश रक्षकदलाचा सरदार गाब्रिएल द माँगोमेरी. त्याचा भाला मोडला, ढलप्या शिरस्त्राणाच्या जाळीतून राजाच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसल्या. १० जुलैला मृत्यू.

चारोळी म्हणते ‘रणभूमीवर’. ही झुंज सणाची होती. ‘डोळे’ अनेकवचनी. राजाचं शिरस्त्राण सोन्याचं होतं याला समकालीन आधार नाही; ते चारोळीवरून मागाहून सोन्याचं झालं. सिंह दोघांपैकी कुणाचंही राजचिन्ह नव्हतं. राजा ४० वर्षांचा, प्रतिस्पर्धी तिशीच्या आतबाहेर, तेव्हा ‘म्हातारा’ही ओढूनताणूनच. चौथी ओळ ‘दोन क्लास, एक’ अशी सुरू होते. लॅटिनमध्ये क्लासिस म्हणजे आरमार किंवा सैन्य. इथे ‘दोन जखमा’ करण्यासाठी भाष्यकारांना ग्रीकमध्ये जावं लागतं.

माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट वेगळी. २७ जून १५५८ ची तारीख घातलेल्या पत्रात नॉस्ट्राडेमस याच राजाला ‘अजिंक्य’ म्हणतो. आणि राजा गेल्यावर तो स्वतः आणखी सात वर्षं जगला, दरवर्षी अल्मनाक काढत होता, तरी ‘बघा, मी लिहिलं होतं’ असं त्याने कुठे छापलेलं नाही. हा जोड छापून आला तो सतराव्या शतकात.

१७९२ बद्दल : पत्रातलं अख्खं वाक्य वाचा. ख्रिस्ती चर्चचा पूर्वी आफ्रिकेत झाला त्याहून मोठा छळ होईल आणि तो १७९२ *पर्यंत* टिकेल, मग लोकांना युग पालटल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात १७९२ ला चर्चवरचा वरवंटा नुकता फिरायला लागला होता. पत्रात जिथे छळ संपतो, तिथे इतिहासात तो सुरू होतो. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीला मोठी उलथापालथ होणार ही कल्पना ज्योतिषांत आधीपासून होती. फ्रेंच धर्मगुरू पिएर दाय्यीने १४१४ मध्येच गुरु-शनीच्या गणितातून १७८९ हे साल काढलं होतं, आणि रुसा या लेखकाच्या ल्योंला छापलेल्या पुस्तकातून ते नॉस्ट्राडेमसच्या पिढीच्या हाती होतं. तरीही १७९२ हा त्याचा सगळ्यात जवळचा नेम, हे मी मान्य करतो.

चहाटळ

आणि हिटलर?

रेवातीर

२.२४ मध्ये ‘हिस्टर’ आहे. हिस्टर किंवा इस्टर हे डॅन्यूब नदीच्या खालच्या भागाचं लॅटिन नाव. त्या काळच्या नकाशांवर सर्रास छापलेलं. संशय असेल तर ४.६८ बघा, तिथे ‘ऱ्हाईन आणि हिस्टरकडून आले’ असं जोडीने येतं. २.२४ मध्ये भुकेली जनावरं नद्या पोहून जातात आणि सैन्याचा मोठा भाग हिस्टरसमोर उभा राहतो. १५२६ ला हंगेरीतली मोहाचची लढाई, १५२९ ला व्हिएन्नाचा वेढा, १५४१ ला बुडाचा (आजच्या बुडापेस्टचा) ताबा : तुर्क त्याच नदीकाठाने वर सरकत होते. १५५५ च्या फ्रेंच वाचकाला हे कोडं वाटलंच नसेल.

खुद्द युद्धात मात्र दोन्ही बाजूंनी या चारोळ्या वापरल्या. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याने १९४० मध्ये स्विस ज्योतिषी कार्ल अर्न्स्ट क्राफ्टला अर्थ लावायला बसवलं. फ्रान्स पडणार, असा सूर काढायचा होता. उलट बाजूने ब्रिटिशांनी लुई द व्होल या ज्योतिषाला कामाला लावलं आणि बनावट चारोळ्या घातलेली जर्मन पुस्तिका छापून घेतली. क्राफ्टचा शेवट वाईट झाला. १९४१ मध्ये हिटलरचा साथीदार हेस विमानाने ब्रिटनला पळाल्यावर जर्मनीत ज्योतिषांची धरपकड झाली, त्यात तोही सापडला. जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डला नेत असताना वारला.

दशमभाव

हिस्टर सोडून दिला. आता आपल्याकडचा मुद्दा, कारण या धाग्यावर येणारे बहुतेक त्यासाठीच येणार. १.५०. मराठी-हिंदी पुस्तकांत आणि वाहिन्यांवर ती अशी येते : ‘तीन समुद्रांनी वेढलेल्या देशात एक महापुरुष जन्मेल, गुरुवार त्याचा पवित्र दिवस असेल.’ म्हणून भारत, म्हणून गुरू, म्हणून हिंदू नेता. दर काही वर्षांनी नाव बदलतं, चारोळी तीच.

मी पत्रिका बघतो, म्हणून सांगतो की हे ज्योतिषाच्याच अंगाने चूक आहे. मूळ शब्द ‘जलीय त्रिकूट’. त्रिकूट म्हणजे एका तत्त्वाच्या तीन राशी. जलतत्त्वाच्या कर्क, वृश्चिक, मीन. समुद्र नाहीतच. गुरु-शनी युती साधारण २० वर्षांनी होते आणि सुमारे दोनशे वर्षं एकाच तत्त्वाच्या राशींत फिरत राहते. नॉस्ट्राडेमसच्या हयातीत पाळी जलराशींची होती : १५२४ मीन, १५४४ वृश्चिक, १५६३ कर्क. १५८३ ला पुन्हा मीन आणि १६०३ ला धनू, म्हणजे अग्नितत्त्व सुरू. १५२४ च्या मीन युतीला तर महापूर येणार म्हणून युरोपभर घबराट होती. तेव्हा ‘जलीय त्रिकुटातून जन्मेल’ म्हणजे याच चक्रातून नवा धर्मपुरुष उभा राहील. शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार यहुद्यांचा, रविवार ख्रिस्त्यांचा. चौथ्यासाठी त्याने गुरुवार निवडला, इतकं सरळ.

शेवटची ओळ तर आपल्याकडे छापतच नाहीत. त्याची सत्ता जमिनीवर आणि समुद्रावर वाढेल, ‘पूर्वेकडच्यांवर वादळ’. पूर्वेचा तारणहार करायचा तर ही ओळ घशात अडकते.

मराठी कुंडली-सॉफ्टवेअरमध्ये हे तपासणाऱ्यांसाठी दोन खड्डे :

पहिला, अयनांश. ही सगळी गणितं सायन आहेत, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजलेल्या. आपलं सॉफ्टवेअर निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून मोजलेल्या राशी दाखवतं, आणि १५५० च्या सुमारास चित्रापक्ष अयनांश (दोहोंतला फरक) साडेसतरा अंशांच्या आसपास होता. त्यामुळे १५२४ ची मीन युती तुम्हाला कुंभेत दिसेल, १६०३ ची धनूतली वृश्चिकेत, आणि ‘नॉस्ट्राडेमस चुकला’ असा भलताच निष्कर्ष निघेल. अयनांश शून्य करा किंवा सायन पर्याय निवडा.

दुसरा, दिनदर्शिका. फ्रान्सने ग्रेगरियन पद्धत डिसेंबर १५८२ मध्ये घेतली. त्याआधीच्या तारखा ज्युलियन, दहा दिवसांचा फरक. चाचणी सोपी : १४ डिसेंबर १५०३ ही त्याची जन्मतारीख घाला. वार गुरुवार आला तर सॉफ्टवेअर ज्युलियन धरतंय. सोमवार आला तर ग्रेगरियन मागे ताणतंय. मग २४ डिसेंबर घालावं लागेल. चंद्र रोज तेरा अंश चालतो, दहा दिवसांत अख्खी पत्रिका पालटते.

पोथीनिष्ठ

दशमभाव, हा प्रतिसाद धाग्याच्या वर अडकवून ठेवायला हवा. एक पुरवणी : १.५० सोबत बऱ्याचदा १०.७५ शिवतात, ‘आशियात प्रकटेल’ ही. दोन वेगळ्या शतकांतल्या चारोळ्या जोडून एक माणूस तयार करणं हा जुना उद्योग. आणि ‘अमुक गावात जुन्या पेटाऱ्यात हस्तलिखित सापडलं, त्यात भारतीय नेत्याचं नाव आहे’ असं आलं तर ग्रंथालयाचं नाव आणि नोंदक्रमांक विचारा.

गारोनकाठ

१९९९ राहिलं. १०.७२ : ‘साल १९९९, सातवा महिना, आकाशातून येईल मोठा राजा…’ पुढचा शब्द भय निर्माण करणारा की काय, यावर सगळं अडलंय. १५६८ च्या छापात तो सलग आहे, मध्ये लोपचिन्ह (ॲपॉस्ट्रॉफी) नाही. तसा वाचला तर खर्च भागवणारा, आदरातिथ्य करणारा. चिन्ह घातलं की ‘भयाचा राजा’. जगाला दुसराच आवडला. पुढचं ‘आंगोल्म्वा’ अक्षरं फिरवून ‘मंगोल’ केलं गेलं. पण आंगोल्म्वा म्हणजे आंगूम्वा हा फ्रान्सचा प्रांत, आणि राजा होण्याआधी पहिला फ्रान्स्वा आंगूलेमचाच काउंट होता. म्हणजे फ्रान्स्वासारखा राजा पुन्हा होवो, एवढाच अर्थ निघू शकतो.

जुलै कोरडा गेल्यावर ११ ऑगस्ट १९९९ च्या खग्रास सूर्यग्रहणावर उडी मारली गेली, कारण ज्युलियन पद्धतीने ती तारीख २९ जुलै पडते. (याच ग्रहणाची खग्रास पट्टी संध्याकाळी गुजरातेत आली होती.) पॅरिसमधले फॅशनवाले पाको राबान यांनी त्या दिवशी रशियाचं मीर अंतराळस्थानक पॅरिसवर कोसळणार म्हणून जाहीर केलं. मीर उतरवलं गेलं ते २३ मार्च २००१ ला, पॅसिफिक महासागरात.

रेवातीर

राणी एलिझाबेथचं? ते तर आधी छापलेलं होतं, पोथीनिष्ठांच्या शेवटच्या पायरीलाही उतरतं.

पोथीनिष्ठ

हो. राणी २०२२ च्या सुमारास ९६ व्या वर्षी जाईल असं एका इंग्रजी भाष्यकाराने तिच्या मृत्यूच्या कितीतरी वर्षं आधी छापलं होतं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुस्तक धडाधड खपलं. पण श्रेय कुणाचं? आधार १०.२२. तीत साल नाही, राणी नाही, वय नाही. ‘बेटांचा राजा’ घटस्फोटाच्या भानगडीतून हाकलला जाईल, त्याच्या जागी राजलक्षण नसलेला येईल, एवढंच. २२ हा चारोळीचा *क्रमांक*, तोच साल म्हणून धरला. नेम लागला तो भाष्यकाराचा. मूळ चारोळीतला राजाला हाकलण्याचा भाग त्याने चार्ल्सला लावला होता, आणि चार्ल्स गादीवर बसला. गंमत म्हणजे हीच १०.२२ त्याआधी १९३६ मध्ये गादी सोडणाऱ्या आठव्या एडवर्डला चिकटवलेली होती.

चहाटळ

मग बाबाने हे सगळं लिहिलं कशावरून? पितळी तिवईवर बसून, अपरात्री, असं वाचलंय.

गारोनकाठ

१.१ मधली ती तिवई आणि लहानशी ज्योत नवप्लेटोवादी तत्त्वज्ञ इयाम्ब्लिकसच्या ग्रंथातल्या देवळांतल्या दैववाणीच्या वर्णनावरून घेतलेली आहे. पुस्तकांतून उचलेगिरी त्याने मोकळ्या हाताने केलीय : लिव्ही आणि प्लुटार्क हे प्राचीन लेखक, रोमन अपशकुनांची यादी देणारा युलियस ऑब्सेक्वेन्स, आणि १५२० च्या दशकात फ्रान्समध्ये छापलेला ‘मिराबिलिस लिबेर’ हा भविष्यसंग्रह. दोन डोक्यांची बाळं, रक्ताचा पाऊस, बोलणारे बैल हे सगळं रोमन मालाचं पुनर्विक्री केंद्र.

सगळ्यात झकास उदाहरण पुस्तकाच्या नवव्या शतकातलं. ९.२० मध्ये ‘व्हारेन’ येतं आणि १७९१ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई पळून जाताना व्हारेनला पकडला गेला, म्हणून ती गाजली. पण फ्रान्समध्ये व्हारेन नावाची गावं कितीतरी. त्याच चारोळीतली व्होतोर्त आणि एर्ने ही पश्चिमेकडच्या मायेन भागातली, आणि आधीच्या ९.१९ मध्ये तर मायेनच्या जंगलाचंच नाव आहे. शार्ल एत्येनने १५५२ च्या सुमारास प्रवाशांसाठी रस्त्यांचं मार्गदर्शक पुस्तक छापलं होतं. ९.८६-८७ सारख्या चारोळ्यांतली गावं त्या पुस्तकातल्या मुक्कामांशी जुळतात, हे अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवलं. चारोळी अडली की आधी नकाशा काढा.

दशमभाव

त्याच्या पत्रिकांच्या गणिताबद्दल एक. लोरां व्हिदेल नावाच्या समकालीन ज्योतिषाने १५५८ मध्ये त्याच्या चुकांवर आख्खी पुस्तिका छापली. विरोध फक्त नास्तिकांचा होता असं नाही, बिरादरीचाही होता.

रेवातीर

तारीख-वार असलेलं, आधी लिहिलेलं, नाव घेऊन केलेलं असं एखादं भाकीत आहे का त्याचं? चारोळी नको.

पोथीनिष्ठ

आहे, आणि भाष्यकार त्याला हात लावत नाहीत. १५६४ मध्ये राणीमाता कातरीन द मेदिसी मुलाला, म्हणजे राजा नवव्या शार्लला घेऊन दौऱ्यावर असताना सालोंला आली आणि नॉस्ट्राडेमसला भेटली. तिने सेनापती मोंमोरांसीला पत्रात कळवलं : माझा मुलगा तुमच्याइतकंच आयुष्य जगेल आणि तुम्ही नव्वदी गाठाल, असं तो सांगतो. मोंमोरांसी १५६७ मध्ये सें-दनीच्या लढाईत जखमी होऊन गेला, वय ७४. शार्ल मे १५७४ मध्ये गेला, वय २३.